पूर्वेकडच्या खिडकीतला अँटेना

मार्च २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात मी आमच्या छत्रीवाल्या कंपनीला पहिला फोन केला. छपरावरच्या सॅटेलाइटच्या थाळीला आम्ही घरात मिरजेच्या सवयीने छत्रीच म्हणतो. वीस-पंचवीस मिनिटं तेच ते संगीत ऐकल्यावर एक मुलगी फोनवर आली. मी विचारलं, डॉजर्सचं, म्हणजे आमच्या लॉस एंजेलिसच्या बेसबॉल संघाचं, नवीन चॅनल तुमच्याकडे कधी लागणार? ती गोड आवाजात म्हणाली, बोलणी चालू आहेत, दोन आठवड्यांत होऊन जाईल. मी वहीत तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, 'दोन आठवडे'.

ती वही अजून माझ्याकडे आहे. वाणसामानाच्या याद्यांची साधी वही, मागच्या पानापासून या नोंदी सुरू होतात. त्या तीन वर्षं चालल्या. ते चॅनल कोणी आणि किती पैशांना दाखवायचं, या भांडणावर इथल्या वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आलंय, पण त्यात बहुतेक कंपन्या आणि कोट्यवधींचे आकडे असतात. एका घरात त्याचं काय झालं, ते मला सांगायचंय.

आम्ही लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत राहतो, रिसिडाला. बेसबॉलची गोडी मला ऑफिसातल्या मैत्रिणींनी लावली आणि मी ती माझ्या वडिलांना लावली. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचं काम त्यांनी कितीतरी वर्षं केलं, त्यामुळे बोलणाऱ्याच्या आवाजाकडे त्यांचं फार बारीक लक्ष असतं. कोण शब्द खातो, कोण उगाच घाई करतो, हे त्यांना दोन वाक्यांत कळतं. त्यांचं क्रिकेटही सगळं रेडिओवरचं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत ते मोठे झाले. सामना सांगताना मैदान डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा, आणि ती पुरी करणारी माणसं फार थोडी, असं त्यांचं ठाम मत.

२०१३ च्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आईने आल्या आल्या छत्रीवर मराठी चॅनल शोधून काढलं आणि तिच्या मालिका सुरू झाल्या. बाबा मात्र कंटाळून जायचे. तेव्हा डॉजर्सचे बरेच सामने नऊ नंबरच्या केसीएएल वाहिनीवर फुकट लागायचे, उरलेले प्राइम टिकेट नावाच्या खेळांच्या चॅनलवर. एका संध्याकाळी मी सामना लावून दिला आणि स्वयंपाकाला लागले. पहिले काही दिवस बाबांना नियमच कळेनात. पण समालोचन करणारा माणूस एकटा बोलतोय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं. "याच्या शेजारी कोणी बसलेलं नाही," ते आत येऊन मला म्हणाले. "हा आपल्याशीच बोलतोय."

तो आवाज विन स्कली यांचा. संघ ब्रुकलिनला होता तेव्हापासून, म्हणजे १९५० पासून ते डॉजर्सचे सामने सांगत होते. १९५८ मध्ये संघ लॉस एंजेलिसला आला तेव्हा त्याचं स्वतःचं मैदान तयार नव्हतं, म्हणून सामने कोलिझियम नावाच्या अवाढव्य स्टेडियममध्ये व्हायचे. लांब बसलेल्यांना खेळ नीट दिसायचा नाही. मग लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायला लागले आणि सबंध स्टेडियमभर स्कलींचा आवाज घुमायला लागला. हे मी कौतुकाने सांगितलं तर बाबांना त्यात नवल वाटलं नाही. कसोटी सामन्याला ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेली माणसं त्यांनी जन्मभर पाहिलेली. पण त्या दिवसापासून स्कली त्यांना आपल्यातले वाटायला लागले. बाबांचं इंग्रजी वर्तमानपत्र वाचण्यापुरतं. तरी स्कलींचं निम्मं बोलणं त्यांना समजायचं, कारण ते सावकाश बोलायचे, मध्येच एखाद्या खेळाडूच्या गावची, घरची गोष्ट सांगायचे, आणि प्रेक्षक ओरडायला लागले की स्वतः गप्प बसायचे. त्या गप्प बसण्याचं बाबांना सगळ्यात कौतुक. त्या वर्षी जून ते ऑगस्टमध्ये डॉजर्सनी ५० पैकी ४२ सामने जिंकले. ऑक्टोबरमध्ये बाबा मिरजेला परतले ते डॉजर्सवाले होऊनच.

पुढच्या वर्षीचा हंगाम मार्चमध्ये सिडनी क्रिकेट ग्राउंडवर सुरू झाला. फोनवर हे ऐकून बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी मला तिथल्या जुन्या कसोट्या सांगायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये ते आले. बॅगा उघडायच्या आधी म्हणाले, "आज सामना आहे ना?" सामना होता. आमच्या टीव्हीवर मात्र नव्हता.

हे प्रकरण नीट समजायला मला महिना लागला. गुगनहाइम या गुंतवणूकदारांच्या गटाने २०१२ मध्ये २ अब्ज डॉलरहून जास्त मोजून संघ विकत घेतला होता. २०१३ च्या सुरुवातीला संघाने टाइम वॉर्नर केबलशी २५ वर्षांचा करार केला. बातम्यांतून आलेली रक्कम ८ अब्ज ३५ कोटी डॉलर. स्पोर्ट्सनेट एलए नावाचं चॅनल संघाच्या मालकीचं, आणि ते बाकीच्या केबल आणि सॅटेलाइट कंपन्यांच्या गळी उतरवायचं काम टाइम वॉर्नरचं. २५ फेब्रुवारी २०१४ ला चॅनल सुरू झालं. टाइम वॉर्नरच्या ग्राहकांना ते दिसलं. डायरेक्टीव्ही, डिश, कॉक्स, व्हेरायझन, एटी अँड टी, चार्टर यांच्यापैकी कोणीच ते घेतलं नाही. परिसरातल्या साधारण ७० टक्के घरांतून डॉजर्स नाहीसे झाले. मी कोणत्या कंपनीची ग्राहक होते त्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून ते नाव सोडून देते.

भांडण दरावर होतं. चॅनलसाठी प्रत्येक ग्राहकामागे दरमहा ५ डॉलरच्या आसपास मागितले जात होते. यातला 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. चॅनल मूळ पॅकेजमध्येच टाकायचं, म्हणजे बेसबॉल बघणारा असो की नसो, सगळ्यांच्या बिलात ते पैसे लागणार. डायरेक्टीव्हीचं म्हणणं होतं की ज्याला हवं त्याने वेगळे पैसे भरून घ्यावं, बाकीच्यांवर बोजा नको. चॅनलवाल्यांना ते मान्य नव्हतं. मी एकदा जेवणाच्या टेबलावर बाबांना हिशेब मांडून दाखवला. समजा दहा घरं आहेत आणि त्यांतल्या दोनच घरांना बेसबॉल हवाय. दहा जणांकडून पाच-पाच घेतले तर पन्नास होतात. तेच पन्नास दोघांकडून काढायचे तर प्रत्येकी पंचवीस. महिन्याला एका चॅनलचे पंचवीस डॉलर कितीजण देतील? म्हणजे ते २५ वर्षांचं गणित न बघणाऱ्यांच्या खिशावर उभं होतं. आमच्या समोरच्या घरात एक म्हातारी बाई राहायची. ती फक्त स्वयंपाकाचे कार्यक्रम बघायची. आमच्या बेसबॉलचे पैसे तिने का भरायचे, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. तरीही मला ते चॅनल हवं होतं. ही दोन्ही खरी आहेत आणि ती मी लपवत नाही.

मला राग होता तो एका गोष्टीचा. संघाचे पैसे कराराने पक्के झाले होते. टाइम वॉर्नर आणि बाकीच्या कंपन्या एकमेकींचा दम बघत होत्या. दोन्हीकडे वकील होते, दोन्हीकडे थांबायची ताकद होती. स्कली तेव्हा ८६ वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर म्हातारे झालेले हजारो श्रोते या शहरात होते, आणि थांबायला त्यांच्याकडेच वेळ नव्हता. बोलणीच्या त्या टेबलावर त्यांच्या बाजूने कोणी बसलेलं नव्हतं.

बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग दूरदर्शनवर का दाखवत नाहीत?" त्यांच्या दृष्टीने तो अगदी सरळ प्रश्न. आपल्याकडे २००७ पासून कायदाच आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे हक्क कोणाही खाजगी वाहिनीकडे असले तरी प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. मी सांगितलं, इथे तसं काही नाही. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे संघ गावाचा, आणि गावाला दिसणार नाही."

मग मी एकेक वाट धरून पाहिली.

आधी इंटरनेट. मेजर लीग बेसबॉलचं स्वतःचं ॲप आहे, वर्षाचे पैसे भरले की देशभरातले सामने दिसतात. मी पैसे भरले, डॉजर्सचा सामना दाबला, आणि पडद्यावर पाटी आली की तुमच्या भागात हा सामना उपलब्ध नाही. स्थानिक चॅनलचे हक्क राखायला म्हणून त्या त्या भागात त्या त्या संघाचे सामने तेव्हा ॲपवर बंद ठेवायचे. डॉजर्सचा हा 'भाग' पार लास व्हेगासपर्यंत पसरलेला. न्यूयॉर्कमध्ये बसलेला माणूस डॉजर्स बघू शकत होता. स्टेडियमपासून वीस-पंचवीस मैलांवर बसलेल्या आम्हाला ते बंद. ते पैसे परत मिळवायला आणखी दोन फोन लागले.

मग कंपनी बदलायचा विचार. आमच्या पत्त्यावर टाइम वॉर्नरची केबल येत होती, ते मी तपासलं. पण छत्रीवाल्यांशी दोन वर्षांचा करार, त्यातले सतरा महिने बाकी, आणि मुदतीआधी सोडलं तर उरलेल्या प्रत्येक महिन्याचे २० डॉलर. शिवाय खरी अडचण वेगळीच होती. केबलवर मराठी चॅनल नव्हतं. आईला इथे येऊन सहा महिने काढायचे तर संध्याकाळची तिची दीड तासाची मालिकांची सोबत काढून घेणं मला शक्य नव्हतं. ती म्हणाली, "बदल गं, मी मोबाइलवर बघेन." पण ती मोबाइल कसा बघते ते मला माहीत होतं, हात लांब करून, डोळे बारीक करून. मी नाही बदललं. आईची भाषा आणि बाबांचा खेळ, दोन्ही एका घरात यायला दोन कंपन्यांची दोन बिलं लागणार होती, आणि तेवढी आमची ऐपत नव्हती.

एकदा बाबांना घेऊन एका खानावळीत गेलो. दारू-जेवणाची जागा, भिंतीवर सहा टीव्ही, त्यातल्या दोनांवर डॉजर्स. बाबांसाठी लिंबूपाणी मागवलं. चित्र सुरेख होतं, पण आवाज बंद, आणि वरून मोठ्याने गाणी चाललेली. बाबा टीव्हीच्या खाली खुर्ची ओढून बसले, मान वर करून. सामन्याच्या नऊ डावांतले तीन झाल्यावर म्हणाले, "चल घरी. हा मुका आहे."

मी आमच्या व्हॅलीचे काँग्रेसमधले, म्हणजे इथल्या संसदेतले, प्रतिनिधी ब्रॅड शर्मन यांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी अमेरिकेतल्या कोणा लोकप्रतिनिधीला लिहीत होते. छापील उत्तर आलं. पण माझ्यासारखी पत्रं बरीच गेली असणार, कारण त्या जुलैमध्ये शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय उचलून धरला आणि दोन्ही बाजूंनी लवाद नेमावा, असं सुचवलं. संघराज्याच्या दळणवळण आयोगाचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांनीही टाइम वॉर्नरला पत्र लिहून नाराजी कळवली. टाइम वॉर्नर लवादाला तयार झाली. डायरेक्टीव्हीने नकार दिला. वहीत त्या तारखेला मी फक्त 'नाही' एवढंच लिहिलंय.

उरला रेडिओ. ५७० एएम. स्कली टीव्हीवर जे बोलायचे त्यातले पहिले तीन डाव रेडिओवरही ऐकवायचे. चौथ्या डावापासून रेडिओचे नेहमीचे समालोचक, चार्ली स्टायनर आणि रिक मंडे. बाबांनी लगेच दिनक्रम बसवला. सात वाजता मागच्या अंगणात खुर्ची, स्टुलावर रेडिओ, चहा. तीन डाव संपेपर्यंत कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही.

१८ जून २०१४ ची संध्याकाळ मला मिनिटामिनिटाने आठवते. डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ कोलोरॅडोविरुद्ध पिचिंग, म्हणजे बेसबॉलमधली गोलंदाजी, करत होता. तीन डाव स्कलींनी सांगितले आणि एकाही बॅटरला, धाव पुरी करायला जे चार तळ गाठावे लागतात, त्यांतला पहिलाही गाठता आला नव्हता. मग आवाज बदलला. सहावा डाव संपला तरी तेच. बाबांनी माझ्या वहीचं पान फाडून घेतलं आणि स्ट्राइकआउटच्या, म्हणजे पिचरने एकट्याने बाद केलेल्या बॅटरांच्या, रेघा ओढायला लागले, गोदामात पोती मोजतात तशा, चार उभ्या आणि एक आडवी. सातव्या डावात हॅनली रामिरेझच्या हातून फेक चुकली आणि एक बॅटर तळावर पोहोचला. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "हिट नाही ना दिली?" नाही, बाबा, क्षेत्ररक्षणाची चूक. हिट म्हणजे बॅटरने स्वतः चेंडू मारून तळ गाठायचा, तसं झालं नाही. पेन्सिल पुन्हा हातात. नववा डाव संपला तेव्हा कागदावर रेघांचे तीन पूर्ण गठ्ठे होते. १५ स्ट्राइकआउट, एकही हिट नाही, सबंध सामन्यात एकच माणूस तळावर, तोही चुकीने. पिचरच्या आयुष्यात असा सामना एखादाच येतो. बहुतेकांच्या तोही येत नाही.

स्टायनर आणि मंडे छान बोलले. त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण त्याच वेळी, त्याच मैदानावर, स्कली टीव्हीसाठी तो शेवटचा डाव सांगत होते, आणि ज्या शहराने त्यांना ६० च्या आसपास वर्षं ऐकलं त्या शहरातल्या बहुतेक घरांत ते पोहोचत नव्हते. बाबा कागदाची घडी घालत म्हणाले, "त्याने कसं सांगितलं असेल?" दुसऱ्या दिवशी मी इंटरनेटवरून त्यातला तुकडा लावून दिला. बाबांनी ऐकला, मान हलवली. पण निकाल कळल्यावर ऐकलेल्या समालोचनाचं काय असतं, हे रेडिओवर वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

सप्टेंबरमध्ये अचानक बातमी आली की हंगामाचे शेवटचे सहा सामने केटीएलए म्हणजे पाच नंबरच्या वाहिनीवर दाखवणार. फुकट, हवेतून. मी त्याच दिवशी दुकानातून खिडकीला लावायचा अँटेना आणला, कागदासारखा पातळ, काळा चौकोन. लॉस एंजेलिसची जवळजवळ सगळी मोठी स्टेशनं माउंट विल्सनच्या डोंगरावरून प्रक्षेपण करतात, आणि तो आमच्या पूर्वेला. हॉलची खिडकी पश्चिमेला. म्हणून टीव्हीच उचलून आई-बाबांच्या खोलीत नेला, तिथली खिडकी पूर्वेची. बाबांनी अँटेना काचेवर धरायचा, मी रिमोटने वाहिन्या शोधायच्या, असं अर्धा तास चाललं. एक इंच वर केला तर चित्र, एक इंच खाली केला तर चौकोनी ठिकऱ्या. शेवटी ५.१ वर हिरवं मैदान स्थिर झालं. बाबांनी पेन्सिलने काचेच्या चौकटीवर चारही कोपऱ्यांना खुणा केल्या आणि आईच्या डब्यांवर नावं लिहायच्या चिकटपट्टीने अँटेना लावून टाकला. मग कॉटवर बसले. स्कली बोलायला लागले आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या सहा सामन्यांत कोणी त्या खोलीत मध्ये उभं राहायचं नाही, असा नियम होता, कारण माणूस आडवा आला की चित्र फुटायचं.

२०१५ चा हंगाम आई-बाबांविना गेला. जूनमध्ये चार्टरने चॅनल घेतलं, कारण ती टाइम वॉर्नर विकत घ्यायला निघाली होती. आमच्या घरी काही बदललं नाही. मी फोन करायची, 'बोलणी चालू आहेत' ऐकायची, वहीत लिहायची. त्या पानांवर आता नजर टाकली तर एकच वाक्य अकरा वेळा आहे.

२०१६ हे आपलं शेवटचं वर्ष, असं स्कलींनी सांगितलं होतं. मार्चमध्ये टाइम वॉर्नरने त्या हंगामापुरता दर ३० टक्के कमी करायची तयारी दाखवली. मला वाटलं, आता होईल. ८८ वर्षांचा माणूस ६७ वा हंगाम करून थांबतोय, एवढ्यासाठी तरी कोणीतरी एक पाऊल मागे घेईल. कोणी घेतलं नाही. त्या दिवशी मी फोन केला तेव्हा पहिल्यांदा माझा आवाज चढला. पलीकडच्या मुलाचा काहीच दोष नव्हता, तो पगारावर काम करणारा माणूस. मी नंतर त्याची माफी मागितली. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, माझे आजोबाही रोज मला हेच विचारतात." ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मे महिन्यात बाबा आले. काचेच्या चौकटीवर त्यांनी केलेल्या पेन्सिलच्या खुणा तशाच होत्या. सबंध उन्हाळा रेडिओवर तीन-तीन डाव ऐकण्यात गेला. सप्टेंबरमध्ये पुन्हा तीच बातमी: स्कलींचे शेवटचे सहा सामने केटीएलएवर. बाबांनी खुणांवर अँटेना चिकटवला आणि चित्र पहिल्या झटक्यात लागलं.

२५ सप्टेंबर, रविवार, घरच्या मैदानावरचा त्यांचा शेवटचा सामना, पुन्हा कोलोरॅडोविरुद्ध. दहाव्या डावात चार्ली कल्बरसनने होम रन मारला आणि डॉजर्सनी त्याच फटक्यावर विभागाचं विजेतेपद जिंकलं. चेंडू प्रेक्षकांत गेला आणि स्कली नेहमीसारखे गप्प झाले. नुसती गर्दी ऐकू येत होती. बाबांनी बोट वर करून मला खूण केली, ऐक. मग खेळाडूंनी मैदानातून वर त्यांच्या खोलीकडे तोंड करून टोप्या हलवल्या. स्कलींनी लोकांचे आभार मानले आणि आपण पूर्वी बायकोसाठी गाऊन ठेवलेलं गाणं लावलं. आई तोवर दारात येऊन उभी होती. तिला बेसबॉलमधलं काही कळत नाही. ती म्हणाली, "किती नीटनेटका माणूस आहे."

त्यानंतरचा रविवार, २ ऑक्टोबर, सॅन फ्रान्सिस्को. डॉजर्स ७-१ असे हरले, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. स्कलींनी त्या दिवशी सांगितलं की बरोबर ८० वर्षांपूर्वी, २ ऑक्टोबर १९३६ ला, शाळेतून घरी जाताना न्यूयॉर्कमधल्या एका लाँड्रीच्या खिडकीत त्यांनी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, स्कोअर लावलेला पाहिला होता. यांकीज १८, जायंट्स ४. हरलेल्या जायंट्सची त्या पोराला दया आली आणि तिथून त्याचं बेसबॉलवेड सुरू झालं. मी हे बाबांना मराठीत सांगत गेले. बाबा म्हणाले, "मिरजेत किराणा दुकानाच्या फळीवर खडूने स्कोअर लिहायचे, मी तो वाचायला सायकलवरून जायचो." हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. सामना संपला, स्कलींनी सगळ्यांना शुभ दुपार म्हटलं आणि पडदा जाहिरातीवर गेला. बाबांनी अँटेना काढला नाही. तो अजून त्या खिडकीत आहे.

एका महिन्याने, नोव्हेंबर २०१६ मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्याने डायरेक्टीव्ही आणि तिची मालक एटी अँड टी यांच्यावर खटला भरला. आरोप असा की या चॅनलची बोलणी चालू असताना डायरेक्टीव्हीने प्रतिस्पर्धी कंपन्यांशी आतली माहिती वाटून घेतली, म्हणजे कोण घेणार, कोण नाही घेणार, हे एकमेकांना कळवलं, जेणेकरून कोणी एकटा पुढे जाऊन ग्राहक ओढणार नाही. मार्च २०१७ मध्ये तडजोड झाली, अशी माहिती पुन्हा वाटायची नाही या अटीवर. ही बातमी मी दोनदा वाचली. आमच्यासारख्यांना कोणी पैसे परत दिले नाहीत, आणि पैशांचा प्रश्नही नव्हता.

त्याच महिन्यात मी केबल घेतली. एव्हाना मराठी मालिका इंटरनेटवरून टीव्हीवर दिसायला लागल्या होत्या, त्यामुळे आईची अडचण सुटली. एक तरुण येऊन तासाभरात जोडणी करून गेला, छत्रीवाल्यांचा डबा मी खोक्यात घालून परत पाठवला. तीन वर्षं जे होत नव्हतं ते एका शनिवारी सकाळी होऊन गेलं. चॅनल लावलं तेव्हा चित्र इतकं स्वच्छ की गवताची पाती दिसत होती. मी सामना अर्धा बघून बंद केला.

२०१९ च्या फेब्रुवारीत बाबांचा मिरजेहून फोन आला. ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नवा नियम लागू झाला होता, केबलवाला छापील यादी घेऊन आला होता, हवी ती चॅनलं निवडा, तेवढ्याचेच पैसे. १०० चॅनलांपर्यंत १३० रुपये आणि वर कर, मग पैशाच्या चॅनलांचे ज्याचे त्याचे दर. बाबांनी चष्मा लावून तासभर खुणा केल्या. "तुमच्याकडे जे नाही म्हणत होते, ते आमच्याकडे सरकारने करून टाकलं," ते म्हणाले. त्यांचं बिल नंतर कमी झालं नाही, उलट थोडं वाढलं. तरी निवडायला मिळालं, याचं त्यांना समाधान होतं.

१ एप्रिल २०२० ला बातमी आली की एटी अँड टी आणि डायरेक्टीव्हीने स्पोर्ट्सनेट एलए घेतलं. सहा हंगामांनंतर. तारीख बघून माझ्या मैत्रिणीला ती थट्टा वाटली. करोनामुळे तेव्हा खेळच बंद होता. जुलैच्या अखेरीस हंगाम सुरू झाला, ६० सामन्यांचा, रिकाम्या स्टेडियममध्ये, खुर्च्यांवर माणसांचे पुठ्ठ्याचे फोटो लावून. आमच्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे मिरजेत दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. मी लॅपटॉप टीव्हीसमोर स्टुलावर ठेवला आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते चहा घेत होते.

थोडा वेळ ऐकून म्हणाले, "माणसं नाहीत, मग हा गलका कुठला?" मी म्हटलं, रेकॉर्ड केलेला लावतात, बाबा. "तरीच. एकाच मापाचा आहे."

मग विचारलं, "आता बोलतं कोण?"

"जो डेव्हिस. शेजारी ओरेल हर्शायझर, पूर्वी डॉजर्सचाच पिचर होता."

"दोघं आहेत," बाबा म्हणाले. पुन्हा थोडं ऐकलं. "पोरगा स्वच्छ बोलतो. जरा मोठा कर."